हर्डल : अडथळा, दार की ताटी?

कृष्णाकाठ

मंडळी, एक शंका आहे. पण आधी ती कुठून आली ते सांगतो.

मी सध्या इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये राहतो. गेल्या रविवारी इथल्या एका कृषी-जत्रेला गेलो होतो. गुरं, चीज, जुने ट्रॅक्टर, सगळं नेहमीचं. एका कोपऱ्यात एक म्हातारबाबा हेझल नावाच्या झुडपाच्या ओल्या फोकांचं विणकाम करत होते. जमिनीवर एक लांब ओंडका, किंचित कमानीसारखा वाकलेला, आणि त्यात ओळीनं दहा भोकं. भोकांत दहा दांडे उभे केलेले आणि त्यांच्यामधून आडवे फोक पुढून-मागून, पुढून-मागून. खरी गंमत कडेला. शेवटच्या दांड्याशी आल्यावर फोक मोडायला हवा, पण बाबा तो दोरीसारखा पिळायचे. पिळल्यावर त्याचे तंतू सुटे व्हायचे आणि तो मुकाट्यानं उलटा फिरायचा. तासाभरात पुरुषभर लांब आणि छातीला लागेल एवढं उंच एक फाटक तयार. मध्यभागी वीतभर फट मात्र राहिली होती. म्हटलं, वय झालंय, हुकलं असेल.

फोटो आईला वाईला पाठवला. दोन मिनिटांत फोन. "अरे, ही ताटी तुला तिकडं कुठं मिळाली?"

आणि बाबांच्या शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हर्डल'.

ऑफिसात दर सोमवारी "कुणाला काही हर्डल्स?" असं विचारणारा माणूस मीच. तेव्हा डोळ्यासमोर फार तर शाळेच्या मैदानावरची लोखंडी घोडी येते. ही विणलेली ताटी आणि 'अडचण' यांचा संबंध काय? आधी नाव कुणाचं, ताटीचं की अडचणीचं? जाणकारांनी लिहावं.

चिंचगूळ

आमच्याकडे रोज सकाळी सव्वानऊला 'हडल', म्हणजे ऑफिसची छोटी बैठक, असते. आमच्या सासूबाईंना बरेच दिवस वाटत होतं की मी सकाळी सकाळी 'हडळ'शी बोलते. त्यात परवा मी म्हणाले, "आज हडलमध्ये खूप हर्डल्स आले." तेव्हापासून दारावर लिंबू-मिरची आहे.

बाकी शंका रास्त. वाचतेय.

गावगाडा

सोपं आहे हो. इंग्रजीत गुरांच्या कळपाला 'हर्ड' म्हणतात. कळप अडवतो तो हर्डल. धागा संपला.

निरुक्त

गावगाडा, धागा आत्ता सुरू होतोय. 'हर्ड' आणि 'हर्डल' जुळे दिसतात, पण दोघांची घराणी वेगळी. कळपवाल्या 'हर्ड'चा संस्कृतातला नातलग 'शर्ध', म्हणजे समूह. ऋग्वेदात मरुतांच्या गणाला हा शब्द येतो. हर्डल त्या कुळातला नाही.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंनी एका शब्दात व्युत्पत्ती सांगून टाकली आहे, मी नुसत्या टिपा जोडतो. जुन्या इंग्रजीत 'हिर्ड' म्हणजे दार. फळ्यांचं नव्हे, काटक्या विणून केलेलं दार. त्याचं लहानखुरं रूप 'हिर्डेल', होडीचं होडकं व्हावं तसं. तोच आजचा हर्डल. गॉथिक भाषेतला 'हाउर्ड्स' म्हणजे दार. आइसलँडमध्ये आजही घराच्या दाराला 'हुर्द' म्हणतात. जर्मन 'ह्यूर्डे' मेंढ्यांचा कोंडवाडा आणि अडथळा असे दोन्ही अर्थ सांभाळून आहे.

म्हणजे नाव आधी ताटीचं. ती ओलांडायची शर्यत बरीच नंतरची, 'हर्डल-रेस' हा शब्द १८२२ पासून लिखाणात सापडतो. आणि तुमचा सोमवारचा 'हर्डल', म्हणजे अडचण, हा अर्थ तर विसाव्या शतकात रुळला.

आता जरा मागे जातो. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा. मूळ भारत-युरोपीय धातूचा अर्थ 'पिळणे, विणणे'. इंग्रजी आणि तिच्या बहिणींमध्ये जुन्या 'क'चा 'ह' होतो. लॅटिन 'कॉर्नु' तर इंग्रजी 'हॉर्न', लॅटिन 'केंतुम' तर इंग्रजी 'हंड्रेड'. तसंच लॅटिन 'क्रातिस', म्हणजे काटक्यांची विणलेली चौकट, आणि इंग्रजी 'हर्डल'. हा नियम याकोब ग्रिमनं मांडला, परीकथांच्या दोन ग्रिम बंधूंपैकी थोरल्यानं. ज्या व्याकरणग्रंथात तो आहे त्याची ती आवृत्ती १८२२ चीच. योगायोग आहे, पण मला आवडतो.

संस्कृतात 'क' टिकला. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कृती वेष्टने' असा रुधादि गणातला धातू आहे, रूप 'कृणत्ति'. गुंडाळणे, सूत काढणे. त्याचंच कर्तन आणि आपलं कातणे. चरख्याशी बसलेली आजी आणि हर्डलवरून झेपावणारा गडी एकाच धातूचे वारसदार.

चिंचगूळ

एक मिनिट. कर्तन म्हणजे कापणं ना? केशकर्तनालयात सूत कातत नाहीत.

निरुक्त

याची वाटच पाहत होतो. धातू दोन आहेत. 'कृती छेदने', कृन्तति, हा कापणारा. कात्री आणि तुमचं केशकर्तनालय त्याचं. 'कृती वेष्टने', कृणत्ति, हा गुंडाळणारा. नाम करताना दोघांचंही 'कर्तन' होतं आणि विद्यार्थी नापास होतात.

कारवी

ताटीवरून लिहिल्यावाचून राहवेना. आमच्या रत्नागिरीकडच्या जुन्या घरात माजघर आणि पडवी यांच्यामधली भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या ओळीनं उभ्या, आडव्या चिव्यांनी बांधलेल्या आणि वर शेणमातीचं लिंपण. पावसाळ्यात लिंपणाचा पोपडा सुटला की आतली काठी दिसायची आणि आम्ही पोरं तिथं बोट घालून भोक मोठं करायचो. मग पाठीत धपाटा. मागच्या दाराला फळ्या नव्हत्या, ताटीच होती. मुक्ताबाईनं ज्ञानेश्वरांना जी उघडायला लावली, तीच ही. म्हणजे 'ताटी' मराठीतही दारच. शब्दकोशात बघायची गरज नाही, 'ताटी लाव' असंच म्हणायचे.

पण मला वेगळंच सुचलं. आपला 'अडसर' घ्या. आज वर्तमानपत्रात 'महामार्गाच्या कामात अडसर' असं छापून येतं तेव्हा कुणाला लाकूड आठवतं? अडसर म्हणजे दाराला आतून घालायचा आडवा वासा. आजोळी पुढच्या दाराचा अडसर भिंतीतच असायचा. दिवसा तो पूर्ण भिंतीत सरकलेला, रात्री ओढून दुसऱ्या भिंतीतल्या भोकात घालायचा. ते काम माझं. ओढताना घर्रर्र असा आवाज यायचा. तो आवाज झाला की आजी पांघरूण ओढून घ्यायची, त्याआधी नाही.

तर इंग्रजांनी अडथळ्याचा शब्द दारावरून घेतला आणि आपणही दारावरूनच घेतला. त्यांनी दाराची ताटी उचलली, आपण दाराचा वासा.

निरुक्त

कारवीताई, उत्तम! आणि 'अडसर' एकटा नाही. 'खीळ बसली' यातली खीळ लाकडाची किंवा लोखंडाची मेख. 'आडकाठी' तर नावातच काठी घेऊन आली आहे. 'पाचर मारली' हे सुताराचं. 'खोडा घातला' हा तुरुंगाचा, कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी ठोकळा. शेवटच्याचा इंग्रजी जोडीदार मजेशीर आहे. 'इम्पेडिमेंट' हा लॅटिनमधून आला, अर्थ 'पायात अडकलेलं'. त्यातला 'पेद' म्हणजे आपला पाद. रोमन सैन्य आपल्या सामानसुमानालाच 'इम्पेडिमेंटा' म्हणायचं.

आपल्याकडे अडथळ्याला आधी लाकूड लागतं असं दिसतं.

मैदानावरचा

क्रीडाशिक्षक आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. या धाग्यावर बोलायचा हक्क माझा.

पहिली तक्रार. हर्डल्सचं भाषांतर 'अडथळ्यांची शर्यत' असं करतात. आमच्या स्नेहसंमेलनात अडथळ्यांची शर्यत म्हणजे पोत्यात शिरणं, टायरमधून निघणं, शिडीखालून सरपटणं आणि शेवटी चमच्यात लिंबू. पालकांनी बघावी आणि हसावं अशी. हर्डल्समध्ये हसण्यासारखं काही नाही.

दुसरं, आकडे. पुरुषांच्या ११० मीटरला १० हर्डल. उंची १०६.७ सेंटिमीटर. पहिला हर्डल १३.७२ मीटरवर, पुढे दर ९.१४ मीटरवर. पोरं विचारतात, सर असले वेडेवाकडे आकडे का? कारण ते मीटरचे नाहीतच. साडेतीन फूट, १५ यार्ड, १० यार्ड असं मोजा, लगेच सरळ होतात. शर्यत मुळात १२० यार्डांची. साडेतीन फूट म्हणजे कृष्णाकाठ यांच्या बाबांच्या मालाच्या आसपासच की.

सुरुवातीला मेंढ्यांचेच जड हर्डल जमिनीत रोवायचे. पाय लागला तर हर्डल पडायचा नाही, माणूस पडायचा. त्यामुळे धावणारा घाबरून उंच उडी मारायचा, आणि उडी मारली की वेळ गेला. सन १९३५ च्या सुमाराला इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचा हर्डल आला. त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात, म्हणून धक्का लागला की तो पुढच्या अंगाला आडवा होतो. पाडायला साडेतीन-चार किलोचा जोर पुरतो. त्या एका बदलानं खेळ बदलला. मी पहिल्या दिवशी सांगतो, "उडी मारायची नाही. धावता धावता एक पाऊल मोठं टाकायचं, हर्डल खाली येतो तो त्याचा प्रश्न."

आज पाय लागून हर्डल पडला म्हणून कुणी बाद होत नाही, मुद्दाम पाडला तर होतो. पूर्वी असं नव्हतं. लॉस एंजेलिसच्या १९३२ च्या ऑलिंपिकात आयर्लंडच्या बॉब टिस्डॉलनं ४०० मीटर हर्डल्स ५१.७ सेकंदांत जिंकली, पण शेवटचा हर्डल पडला म्हणून विश्वविक्रम नाकारला. तो मिळाला दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनला, ५२.० ला! सोनं एकाकडे, विक्रम दुसऱ्याकडे.

आणि त्याच शहरात १९८४ मध्ये पी. टी. उषा. ४०० मीटर हर्डल्स, ५५.४२ सेकंद, चौथी. तिसरीचा वेळ ५५.४१. रेडिओवर ऐकलं तेव्हा मी स्वतः शिकत होतो. एक शतांश म्हणजे किती हे मी आजवर कुठल्याही वर्गाला नीट दाखवू शकलेलो नाही. टाळी वाजवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आपल्या मातीतलं सांगायचं तर तेजस शिरसेनं मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत मारून राष्ट्रीय विक्रम केला. बीडच्या अविनाश साबळेला अनेकजण हर्डलवाला समजतात. तो स्टीपलचेसवाला. ३००० मीटर, २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. त्याचे अडथळे पडत नाहीत, ओंडक्यासारखे असतात, त्यावर पाय देऊन जायची मुभा असते. हर्डल आणि तो अडथळा यांत गल्लत केली की आमच्यासारख्यांच्या पोटात दुखतं.

टक्केटोणपे

आमच्या धंद्यातलाही एक घ्या. 'हर्डल रेट'. प्रकल्पातून निदान इतके टक्के परतावा सुटला पाहिजे, नाहीतर पैसे घालायचे नाहीत, ती रेघ. मैदानावरचा सरांच्या हर्डलसारखा हा पाडून पुढे जाता येत नाही. म्हणजे काही लोक जातात, पण ते पुढे बातम्यांत दिसतात.

दप्तरदार

थोडा रक्तरंजित मजकूर, जेवताना वाचू नये.

इंग्लंडात राजद्रोह्याला वधस्तंभाकडे हर्डलवर आडवं बांधून, घोड्यामागे फरफटत न्यायचे. काटक्यांची तीच चौकट. पार्लमेंट उडवण्याच्या कटातल्या गाय फॉक्सला आणि त्याच्या तीन साथीदारांना ३१ जानेवारी १६०६ रोजी लंडनच्या टॉवरपासून वेस्टमिन्स्टरपर्यंत असंच नेलं. फरफटण्याची ही तरतूद कायद्यातून गेली ती थेट १८७० मध्ये.

पण मला हर्डलचा उलटा उपयोग जास्त आवडतो. डब्लिन शहराचं आयरिश नाव उच्चारायला 'बाल्या क्लिआ'च्या जवळपास जातं, आणि त्याचा अर्थ 'हर्डलांच्या उताराचं गाव', उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा. नदीच्या चिखलात विणलेल्या ताट्या आडव्या टाकून लोक पार जायचे. इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीतही हेझलच्या हर्डलांच्या नवाश्मयुगीन वाटा पुरातत्त्ववाल्यांनी खणून काढल्या आहेत. म्हणजे ज्या वस्तूच्या नावानं आज अडचण ओळखतात, ती अडचणीतून पलीकडे जायला वापरायचे. आमच्या गावच्या ओढ्यावर पूल होईपर्यंत पावसाळ्यात तुराट्यांचे भारे टाकून गाडी काढायचो, ते आठवलं.

बिऱ्हाड

उशिरा आलो. रेंज नव्हती.

सगळे म्हणताय अडथळा, अडथळा. कुणाला अडथळा? मी मेंढपाळाच्या घरातला. आमच्याकडं हर्डलचं काम वाघर करते. वाघर म्हणजे कंबरेइतकी उंच जाळी, पूर्वी दोरीची असायची, आता नायलॉनची. दिवस मावळला की ज्याच्या रानात बसायचं ठरलंय तिथं मेखा ठोकायच्या आणि वाघर गोल लावायची. मेंढरं आत. रात्रभर लेंडी आणि मूत त्या रानात पडतं. शेतकऱ्याला खत मिळतं. पूर्वी तो पायली-दोन पायली धान्य घालायचा, आता रोख देतो. दुसऱ्या दिवशी वाघर शेजारच्या तुकड्यात. असं करत अख्खं रान बसवायचं.

लहानपणी मी वाघरीला लागूनच झोपायचो. जाळी पाठीला टोचायची आणि पलीकडून मेंढरांची ऊब यायची. लांडगा आला की कुत्र्यांच्या आधी मेंढरं एका बाजूला दाटायची, जाळी ताणायची, आणि मला जाग यायची. वाघर मेंढराला अडवायला नाही. मेंढरू रात्री कुठं जात नाही, त्याला घोळक्यात राहायचं असतं. वाघर लांडग्याला अडवायला. मेंढराच्या बाजूनं बघाल तर ते घर आहे.

आता कृष्णाकाठ, तुम्ही म्हणालात मध्ये फट राहिली, म्हातारबाबांचं हुकलं. मला नाही वाटत. इतका पीळ देणारा माणूस मध्ये वीतभर चुकणार नाही. ही वस्तू रोज उचलून पुढच्या तुकड्यात न्यायची असणार. ती फट काठी घालायला असावी. पाठीवर न्यायची सोय. त्यांना विचारून बघा.

निरुक्त

बिऱ्हाड, 'वाघर' शब्दावर माझ्याकडून एक ओळ. संस्कृत 'वागुरा', म्हणजे जाळं, पारध्याचा फास. आत धरणाऱ्या फासाचं बाहेरच्याला थोपवणारं कुंपण झालं. तुमचं 'कुणाला अडथळा' हे शब्दानंही करून दाखवलंय.

चिंचगूळ

निरुक्तराव, मला एक सांगा. चौकात नेत्यांच्या वाढदिवसाचे जे 'होर्डिंग' लागतात, ते कुठून आले? ऐकायला हर्डलचे भाऊच वाटतात. की परत केशकर्तनालय होणार माझं?

निरुक्त

नाही, या वेळी तुम्ही जिंकलात. जुन्या फ्रेंचमध्ये 'हुर्द' म्हणजे काटक्यांचा किंवा फळ्यांचा आडोसा, आणि तो शब्द फ्रेंचांनी जर्मन कुळातून, याच हर्डलच्या घरातून उचलला. त्यावरून बांधकामाभोवतीच्या तात्पुरत्या कुंपणाला इंग्रजीत 'होर्डिंग'. त्या कुंपणाच्या फळ्यांवर लोक जाहिराती चिकटवू लागले आणि आपल्याकडे जाहिरातीच्या फलकालाच ते नाव पडलं. साठेबाजीचं 'होर्डिंग' वेगळं, ते खजिन्यावरून आलं.

लॅटिन बाजूचे नातलग तर घरातच आहेत. 'क्रातिस'चं लहान रूप 'क्रातिकुला', तिथून फ्रेंचमार्गे ग्रिल. भाजायची जाळी आधी, खिडकीची नंतर. मंडईत टोमॅटो येतात तो क्रेटही त्याच घरचा मानतात.

चिंचगूळ

म्हणजे आमच्या सोसायटीत खिडकीला ग्रिल बसवायला तीन वर्षं परवानगी मिळत नाहीये, तो हर्डलला हर्डल आहे!

कारवी

आणि समोरच्या होर्डिंगमुळे तुमच्या खिडकीत ऊन येत नसेल तर तिसराही.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. अडसराचा आवाज ऐकून ती म्हणाली, आपल्या वाड्याचाही तसाच यायचा. मला तो अजिबात आठवत नाही. मी झोपलेला असायचो म्हणे.

आज मुद्दाम त्या बाबांच्या गावी जाऊन आलो. चाळीस मिनिटांची गाडी. बाबा कोठीत फोक निवडत बसले होते. फटीचं विचारलं तर आधी माझ्याकडे पाहून हसले. मग एक दांडका घेतला, तीन हर्डल एकावर एक ठेवले, तिन्हींच्या फटींतून दांडका घातला, खांद्यावर घेतला आणि अंगणात एक फेरी मारून दाखवली. वय पंच्याहत्तरच्या पुढचं. त्या फटीला 'ट्विली होल' म्हणतात. बिऱ्हाड, सगळं तुम्ही म्हणालात तसंच. इथंही मेंढ्या दिवसभर टेकड्यांवर चरायच्या, रात्री नांगरटीच्या रानात हर्डलांच्या आत बसायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मेंढपाळ हर्डल उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचा. खतासाठीच.

ओंडका वाकडा का तेही विचारलं. हर्डल किंचित कमानदार विणतात. वाळताना तो सरळ होतो आणि विण आवळते.

त्यांना वाघरीचं सांगितलं. जाळी म्हटल्यावर त्यांना ते फारसं पसंत पडलं नाही. वारा अडतो का, असं विचारत होते. मेंढीला थंडीत वारा लागता कामा नये म्हणे. मी म्हटलं, विचारून सांगतो.

बिऱ्हाड

वारा नाही अडत. पण आमच्याकडं अडवायचा कशाला, उन्हाळ्यात तोच हवा असतो. पावसाळ्यात आम्ही कोरड्या मुलखाकडं असतो. आणि बाबांना सांगा, वाघर गुंडाळून घोड्यावर टाकता येते. त्यावर कोंबड्या बसतात.